चौथऱ्यावरच्या रणगाड्यांविषयी खुले पत्र

प्रति,
गावोगावच्या चौकांत, महाविद्यालयांच्या आवारांत आणि हुतात्मा स्मारकांपाशी निवृत्त रणगाडे सांभाळणाऱ्या नगरपालिका, महानगरपालिका व शिक्षणसंस्थांचे सर्व पदाधिकारी

विषय : जुन्या लष्करी रणगाड्यांची ओळख, दुरुस्ती आणि जतन



सैन्यातून निवृत्त झालेला टी-५५ रणगाडा सुमारे ३६ टनांचा असतो. सेंच्युरियन ५० टनांच्या पुढे जातो. तो आणायला अवजड ट्रेलर लागतो, उतरवायला क्रेन लागते, ठेवायला काँक्रीटचा भक्कम चौथरा लागतो. याची तजवीज संस्था नीट करतात, कारण वजन डोळ्यांना दिसते. रणगाड्याच्या अंगावरच्या खुणा मात्र तशा दिसत नाहीत. पोलादात ठोकलेला क्रमांक, ओतीव बुरुजावरचे कारखान्याचे चिन्ह, रंगाच्या थरांखाली दडलेली रेजिमेंटची निशाणी, गोळा चाटून गेल्याची खाच, हेच त्या वाहनाचे जन्मपत्र आणि सेवापुस्तक असते. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात ग्राइंडर फिरतो, वर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात बसतात आणि ते सेवापुस्तक पुसले जाते. रणगाडा जागेवर राहतो, पण तो कोणता होता हे सांगणारे काही उरत नाही.

म्हणून जीर्णोद्धाराची पहिली पायरी रंग किंवा वेल्डिंग नसून नोंद ही असते. वाहनाच्या चारी बाजूंनी, वरून, पोटाखालून आणि आतून छायाचित्रे घ्यावी लागतात. ठोकलेले क्रमांक रंगाने बुजलेले असतील तर त्यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात. ओतीव भागांवर उठावाची अक्षरे असतात. त्यांवरून भाग कुठल्या कारखान्यात ओतला गेला ते कळते. सैन्याकडून वाहनासोबत आलेली कागदपत्रे बहुधा कुठल्यातरी फायलीत असतात आणि अधिकारी बदलला की फाईल हरवते. त्या कागदांची प्रत संस्थेच्या ग्रंथालयात वेगळी ठेवणे हे शून्य खर्चाचे काम आहे आणि बाकीच्या सगळ्या कामांपेक्षा मोलाचे आहे.

एका विशिष्ट वाहनाची ओळख टिकली तर काय हाती लागते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत १७ पूना हॉर्सच्या ज्या सेंच्युरियनमध्ये लढले, त्याचे नाव ‘फॅमागुस्टा’. तोफगोळा लागून ते त्याच रणगाड्यात धारातीर्थी पडले तेव्हा ते २१ वर्षांचे होते. रणगाडा आधी पाकिस्तानच्या ताब्यात गेला, नंतर भारताला परत मिळाला, दुरुस्त झाला आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. सेंच्युरियन जगात शेकड्यांनी उरले आहेत. फॅमागुस्टा एकच आहे. त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस नमुना पाहत नाही, साक्षीदार पाहतो. याच शहरात फेब्रुवारी १९९४ मध्ये जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. व्हॅलेंटाइन, चर्चिल, माटिल्डा, जपानी ची-हा, पॅटन, विजयंता अशी अनेक देशांची वाहने तिथे एकाच आवारात पाहायला मिळतात. रणगाड्याची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या अभियंत्याने चौथऱ्याचा आराखडा काढण्याआधी तिथे एक दिवस घालवावा.

जुनी वाहने सापडतात कुठे, तर नेहमीच आयती सैन्याच्या डेपोतून नव्हे. गोळीबाराच्या मैदानांवर निशाण म्हणून ठेवलेले सांगाडे, भंगारवाड्यांत अर्धवट कापलेले भाग, तळी, दलदल आणि शेतजमीन, अशा ठिकाणांतून जगभरातल्या कितीतरी दुर्मीळ गाड्या पुन्हा उजेडात आल्या आहेत. एस्टोनियातल्या कुर्तना मातासयार्व नावाच्या लहान तळ्यातून सप्टेंबर २००० मध्ये एक टी-३४ ओढून काढण्यात आला. रणगाडा मूळचा सोव्हिएत, पण अंगावर जर्मन क्रूस होते, कारण जर्मनांनी तो पळवून स्वतः वापरला होता. १९४४ साली एका मुलाने तळ्याकडे गेलेले पट्ट्यांचे वळ पाहिले होते. पाण्यातून बुडबुडेही येत राहिले होते, पण बाहेर येणाऱ्या खुणा मात्र दिसल्या नव्हत्या. ती आठवण अर्ध्या शतकानंतर कामी आली. स्थानिक युद्धइतिहास मंडळाने पाणबुड्यांकडून तळ शोधून घेतला, मोठा बुलडोझर लावला आणि गाळाचा मुखवटा चढलेले धूड वर आले. आश्चर्य त्याच्या अवस्थेचे होते. तळाशी पीट होते, म्हणजे कुजक्या वनस्पतींचा घट्ट गाळ. त्यात प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही आणि प्राणवायूशिवाय गंज चढत नाही. रंग आणि क्रूस वाचता येत होते. रणगाड्यात न फुटलेले तोफगोळेही तसेच होते. ते तज्ज्ञांनी बाहेर काढल्यावरच पुढच्या कामाला हात लागला.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या टॉरक्रॉसची. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीची रंगीत तालीम म्हणून तिथे ‘एक्सरसाइज टायगर’ नावाचा सराव झाला. जर्मन टॉर्पेडो बोटींनी अमेरिकी ताफ्यावर हल्ला चढवला आणि ७४९ जण मारले गेले. त्या किनाऱ्यालगत सरावाच्या काळात बुडालेला एक शर्मन रणगाडा समुद्राच्या तळाशी पडून होता. केन स्मॉल या स्थानिक गृहस्थाने तो अमेरिकी सरकारकडून ५० डॉलरला विकत घेतला आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९८४ मध्ये वर आणला. आज तो मृतांचे स्मारक म्हणून किनाऱ्यावर काळ्या लेपात उभा आहे. पण चार दशके खाऱ्या पाण्यात राहिलेले लोखंड बाहेर आले की खरी परीक्षा सुरू होते. मिठातले क्लोराइड पोलादाच्या बारीक भेगांत मुरलेले असते, ते हवेतल्या ओलाव्याला आत ओढते आणि रंगाखालूनच गंज पुढे सरकत राहतो. प्रयोगशाळेत अशी वस्तू महिनोन्‌महिने अल्कलीच्या द्रावणात भिजवून क्लोराइड काढतात. ३० टनांच्या रणगाड्यासाठी एवढे मोठे टाके आणायचे कुठून?

तिसरे उदाहरण दुरुस्ती कुठे थांबवावी याचे आहे. २० नोव्हेंबर १९१७ रोजी फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत ‘डेबोरा’ नावाचा ब्रिटिश मार्क फोर रणगाडा फ्लेस्किएर गावात तोफेच्या माऱ्याने निकामी झाला. आठांपैकी पाच सैनिक मेले. पुढे तो खड्ड्यात ढकलून पुरला गेला. फिलिप गोर्झिन्स्की यांनी अनेक वर्षे माग काढून नोव्हेंबर १९९८ मध्ये तो उकरून बाहेर काढला. त्याला नवे पत्रे ठोकून, रंगवून परेडला उभा करणे अशक्य नव्हते. तसे केले गेले नाही. फाटलेले पोलाद, आरपार भोके आणि पुढचा चिरडलेला भाग जसाच्या तसा ठेवून २०१७ मध्ये त्याच गावात, त्याच पाच सैनिकांच्या दफनभूमीशेजारी त्यासाठी संग्रहालय उघडले. हा निर्णय धाडसाचा होता आणि योग्य होता. लढाईत झालेली इजा ही खराबी नसते, इतिहास असतो. गंजामुळे पडलेले भोक आणि गोळ्याने पडलेले भोक यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती वेल्डिंगचा होल्डर देऊ नये.

आता महाराष्ट्रातल्या चौथऱ्यांवर रोज घडणाऱ्या गोष्टीकडे वळता येईल. रणगाड्याचा खरा शत्रू पाऊस. आणि त्याहूनही, आत शिरून बाहेर न पडणारा पाऊस. टी-५५च्या सांगाड्याच्या पुढचे चिलखत १०० मिलिमीटर जाड आहे. त्याला गंजून संपायला काही शतके लागतील. जाते ते पातळ लोखंड : पट्ट्यांवरचे मडगार्ड, हत्यारांच्या पेट्या, इंजिनावरच्या जाळ्या, बिजागऱ्या, तळाच्या झाकण्या. सांगाड्याच्या तळाला पाणी सोडण्यासाठी ड्रेन प्लग असतात. चौथऱ्यावर चढवल्यानंतर ते कुणी उघडत नाही. पाला, कबुतरांची विष्ठा आणि जुने ग्रीस यांनी ती भोके बुजतात. मग दर पावसाळ्यात रणगाड्याचे पोट हौदासारखे भरते. त्या पाण्यात गिअरबॉक्सचे आवरण, वायरी आणि टॉर्शन बारची, म्हणजे चाकांचा भार पेलणाऱ्या दांड्यांची, टोके बुडून राहतात.

मुले आत शिरू नयेत म्हणून झाकणे वेल्डिंगने कायमची बंद करण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परिणाम वाईट. बंद पोलादी डब्यात दिवसा हवा तापते, रात्री थंड होते आणि आतल्या भिंतींवर दव धरते. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, आणि कोकणात वा मुंबईत हवा वर्षातला बराच काळ त्याच्या वरच असते. शिवाय चिलखताचे पोलाद साधे नसते. आधी गरम न करता त्यावर वेल्डिंग केले तर टाक्याच्या कडेने बारीक भेगा पडतात. म्हणून झाकण आतून बोल्टने किंवा बाहेरून कुलपाच्या पट्टीने बंद करावे, तळाचे सगळे ड्रेन प्लग काढून त्या जागी बारीक जाळी बसवावी आणि हवा खेळण्यासाठी मूळचेच एखादे भोक मोकळे ठेवावे. तोफेची नळी आकाशाकडे रोखलेली असली की तिच्यात पाणी भरते. नळी किंचित खाली झुकवून तोंडाला बूच लावायचे आणि बुचाच्या खालच्या कडेला छिद्र ठेवायचे. झेंड्याची काठी, फलक किंवा दिव्यांची माळ यांसाठी चिलखताला काहीही जोडू नये. त्यासाठी चौथरा आहे.

पाणी केवळ वरूनच येते असेही नाही. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन ए-७-व्ही रणगाड्यांपैकी जगात एकच उरला आहे, ‘मेफिस्टो’. तो ऑस्ट्रेलियन सैनिकांनी जुलै १९१८ मध्ये फ्रान्समधून हस्तगत केला आणि ब्रिस्बेनच्या संग्रहालयात ठेवला. जानेवारी २०११ च्या महापुराचे पाणी तिथपर्यंत पोहोचले आणि एकमेवाद्वितीय वस्तूवर पुन्हा लांबलचक संवर्धनकाम करावे लागले. नदीकाठच्या बागेत रणगाडा मांडायचा बेत असेल, तर पूररेषा आधी पाहिलेली बरी.

रंगाचे काम संस्थांना सर्वांत सोपे वाटते आणि नुकसान सर्वांत जास्त तिथेच होते. वाळूचा मारा करून जुना रंग उडवला की पृष्ठभाग छान स्वच्छ दिसतो, पण वाहनाच्या हयातीतले सगळे थर एका दुपारी नाहीसे होतात. आधी नाण्याएवढ्या दहा-बारा जागा निवडून त्या ओल्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासाव्यात. कडेकडेने एकेक थर उघडा पडतो : वरचा ऑइलपेंट, त्याखाली सैन्याचा गडद हिरवा, त्याखाली एखादे वेळी वाळवंटी पिवळा, शेवटी कारखान्याचा तांबडा प्रायमर. एखाद्या जागी पांढऱ्या आकड्याची कड निघते आणि मग तिथे अधिक काळजीने पुढे जायचे. सैन्याचा रंग बहुधा मंद असतो. पुराव्याशिवाय चकाकणारा हिरवा एनॅमल लावू नये. हस्तगत केलेल्या वाहनाबाबत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत असल उत्तरला भारतीय सैन्याने पाकिस्तानी पॅटनांचा जो धुव्वा उडवला, त्यातून मिळालेले रणगाडे विजयचिन्हे म्हणून देशभर पोहोचले. अशा पॅटनवर भारतीय चिन्हे रंगवली, तर तो हस्तगत केलेला आहे ही गोष्टच पुसली जाते. शत्रूच्या मूळ खुणा टिकवण्यातच तिथे विजयाची नोंद आहे.

सैल गंज हाताच्या तारेच्या ब्रशने काढणे, टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचा लेप देणे, प्रायमर आणि मग मंद रंग, हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. किनारपट्टीवर त्याआधी सगळे वाहन गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे लागते. जोडावर जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे विशेष लक्ष हवे, कारण गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते आणि तो आतून फुगून पत्रे पाचरीसारखे फाकवतो.

चाके आणि पट्टे यांच्याकडे चौथरा बांधतानाच पाहायला हवे. चाकांवरचे रबर उन्हाने तडकते आणि एकाच जागी भार पडून चपटते. टी-५५ आणि विजयंता यांचा भार टॉर्शन बारवर असतो, म्हणजे सांगाड्याच्या तळात आडव्या बसवलेल्या, पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत पिळलेल्या दांड्या ढिल्या पडतात, मग वाहन एका अंगाला कलते. सांगाड्याखाली काँक्रीटचे ठोकळे देऊन वजन त्यांवर घेतले की चाके नुसती टेकून राहतात आणि हा प्रश्न सुटतो. पट्टा हा तर अनेक पिनांनी जोडलेला साखळदंड. प्रत्येक पिन थोडी झिजली की अख्खा पट्टा लांबतो. चालत्या जीर्णोद्धारात सर्वाधिक पैसा आणि शोधाशोध इथेच खर्ची पडते. टी-३४ च्या पिनांना आतल्या बाजूला डोके असे आणि बाहेरच्या बाजूला काहीच अडकण नसे. आत सरकलेली पिन सांगाड्यावरच्या तिरप्या पट्टीला आपटून आपोआप जागेवर जाई. असले साधे, हुशार तपशील नुसत्या रंगकामात दिसत नाहीत. हात काळे करणाऱ्या विद्यार्थ्यालाच ते सापडतात, म्हणून अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना या कामात घ्यायलाच हवे.

विद्यार्थ्यांना घेण्याआधी मात्र धोके दूर व्हायला हवेत. दारूगोळा नसल्याची खात्री सैन्याच्या तज्ज्ञांकडूनच करून घ्यायची. तोफेच्या धक्का शोषणाऱ्या यंत्रणेत तेल आणि वायू दाबाखाली असू शकतात. तिचा बोल्ट सैल करणे जिवावर बेतते. ब्रेकच्या अस्तरात, गास्केटमध्ये आणि धुरांड्याच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असते. जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा कोरडे घासकाम नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या चकाकणाऱ्या तबकड्यांत रेडियम असे. तबकडी आज अंधारात चमकत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. चमक देणारे रसायन थकलेले असते, पण रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. तिची काच फोडू नये, पुसूही नये.

‘सुरू करून दाखवू’ हा मोह प्रत्येक रणगाड्याभोवती कधी ना कधी जमतो. सेंच्युरियनमधले मिटिअर इंजिन २७ लिटरचे, १२ सिलिंडरचे आणि स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाच्या घराण्यातले. त्याचा आवाज ऐकावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून फिरवणे म्हणजे त्याचा शेवट करणे. आधी सिलिंडरमध्ये तेल सोडून ते मुरू द्यायचे आणि मग इंजिन हाताने पूर्ण फेरा फिरते का ते पाहायचे. काही शर्मनमध्ये विमानाचे गोलाकार रेडियल इंजिन असते. त्याच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचते. ते हाताने फिरवून बाहेर न काढता स्टार्टर दाबला की दांडा वाकतो. इंग्लंडच्या बोव्हिंग्टन टँक म्युझियमने ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये हस्तगत झालेला ‘टायगर १३१’ पुन्हा चालता केला. १९९० मध्ये सुरू झालेले ते काम २००३ अखेर इंजिन फिरण्यापर्यंत पोहोचले आणि रंगासह २०१२ मध्ये पुरे झाले. त्याचे मूळ इंजिन पूर्वीच कापून प्रदर्शनात मांडलेले होते, म्हणून संग्रहालयाच्याच दुसऱ्या टायगरचे इंजिन त्यात बसवले गेले आणि ही अदलाबदल उघडपणे नोंदवलीही गेली. एवढी साधने असलेल्या संस्थेला जे बावीस वर्षांत जमले, ते पंधरा ऑगस्टच्या मुहूर्तावर उरकण्याचा प्रयत्न कुणी करू नये. ‘वॉर हॉर्स’ या २०११ च्या चित्रपटासाठी पहिल्या महायुद्धातला अस्सल रणगाडा पळवण्याऐवजी मार्क फोरची चालती प्रतिकृती बांधली गेली, हे या बाबतीत अनुकरणीय आहे.

शेवटी फलक. एका प्रकारच्या रणगाड्याचा इतिहास आणि समोर उभ्या असलेल्या रणगाड्याचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फलकावर त्यांची सरमिसळ होता कामा नये. स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्या ७ लाइट कॅव्हलरीने १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे ११,५०० फूट उंचीच्या जोजिला खिंडीत नेले, हे त्या प्रकाराविषयी अभिमानाने लिहिता येते. समोरचा स्टुअर्ट त्या दिवशी तिथे होता, असे मात्र क्रमांक आणि कागद हाती असल्याशिवाय लिहिता येत नाही. फलकावर वाहनाचे नेमके नाव, बनावटीचा देश, सांगाड्यावरचा क्रमांक, कोणाकडून व कोणत्या वर्षी मिळाले, कोणते भाग नंतर बसवले आणि रंग कोणत्या पुराव्यावरून ठरवला, एवढे मराठीत लिहिलेले असावे. वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरात, ड्रेन प्लग, झाकणांची रबरे आणि नळीचे बूच तपासून तारखेसह वहीत नोंद व्हावी. ती वही आणि कागदपत्रांची प्रत मागणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला वाचायला मिळावी.

कळावे,
एक नागरिक